पाण्यातून हायड्रोजन : धातूंच्या उत्प्रेरकांची ओळख



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी धम्म, चळवळ, साहित्य आणि शिक्षण या विषयांवर अभ्यासपूर्ण लेख येत असतात. यंदा संपादक मंडळाने विज्ञानावर काहीतरी लिहावे असा आग्रह धरला. रसायनशास्त्र शिकविण्यात ज्याची हयात गेली त्याला हा आग्रह मोडता येईना. विषय कोणता घ्यावा हा प्रश्न मात्र आपल्या अभ्यासिकेतील एका मुलाने परस्पर सोडविला. अकरावीच्या पुस्तकात पाण्याचे विद्युत अपघटन वाचून तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन मिळतो. हायड्रोजन जळला की पुन्हा पाणीच होते, धूर नाही, काजळी नाही. मग इतके सोपे असताना सगळे कारखाने हेच का करीत नाहीत? अडले कुठे?"

प्रश्न रास्त होता. त्याचे एका शब्दात उत्तर द्यायचे तर अडले धातूपाशी. ज्या पृष्ठभागावर पाण्याचा रेणू तुटतो तो पृष्ठभाग कशाचा आहे यावर सारा खर्च ठरतो. हे त्याला समजावे म्हणून अभ्यासिकेच्या टेबलावर आम्ही एक प्रयोग केला. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळविला. दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासून त्यांची शिसे पाण्यात बुडविली आणि वरची टोके तारांनी टॉर्चच्या दोन सेलना, म्हणजे तीन व्होल्टला जोडली. बुडबुडे जेमतेम दिसले. मग ऋण टोकाकडील पेन्सिल काढून तिच्या जागी स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा लावला. सेल तेच, पाणी तेच, सोडाही तोच, तरी खिळ्याभोवती बुडबुडे चांगलेच वाढले. मुलगा चकित झाला. विजेने ढकलण्याची शक्ती वाढविलेली नव्हती. बदलली होती फक्त जागा, जिथे हायड्रोजनचा वायू जन्म घेतो.

(पालकांसाठी सूचना : या प्रयोगात मीठ वापरू नये, त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. खिळा धन टोकाला लावू नये, तो स्वतःच गंजू लागतो. जवळ काडी ओढू नये हे वेगळे सांगायला नको.)

पाण्याचा रेणू विजेने तुटतो हे ज्ञान काही नवे नाही. व्होल्टाच्या विद्युतघटाची बातमी इंग्लंडला पोहोचली आणि १८०० सालीच निकोल्सन व कार्लाइल या दोघांनी त्या घटाच्या तारा पाण्यात बुडवून हायड्रोजन व प्राणवायू वेगळे केले. ऋणाग्रावर हायड्रोजन निघतो, धनाग्रावर प्राणवायू. आकारमानाने हायड्रोजन दुप्पट. वजनाचा हिशेब वेगळा : नऊ किलो पाण्यातून एक किलो हायड्रोजन आणि आठ किलो प्राणवायू.

निसर्गनियमाने पाणी तोडायला कमीत कमी १.२३ व्होल्ट लागतात. प्रत्यक्षात एवढ्यावर काहीच घडत नाही. कारखान्यातील संयंत्रे १.८ ते २ व्होल्टच्या आसपास चालतात. हे वरचे अर्धा-पाऊण व्होल्ट कुठे जातात? इथे मी मुलांना बोरघाटाचा दाखला देतो. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिने लागतात, त्यांना बँकर म्हणतात. घाट चढला की लोणावळ्याला ती सुटतात. लोणावळा कर्जतपेक्षा उंच आहे, तेवढी उंची गाडीला चढावीच लागणार, त्यातून सुटका नाही. ते झाले आपले १.२३ व्होल्ट. पण मधला डोंगर लोणावळ्याहूनही उंच असेल आणि गाडीला त्याच्या माथ्यावरून न्यायचे ठरविले, तर कितीतरी जादा बँकर लावावे लागतील. तो जादा जोर म्हणजे वरचे अर्धा-पाऊण व्होल्ट. त्याचे रूपांतर उष्णतेत होते, हायड्रोजन त्यामुळे वाढत नाही. उत्प्रेरक काय करतो? तो गाडीला ढकलत नाही. तो डोंगरात बोगदा काढतो. कर्जत आहे तिथेच, लोणावळा आहे तिथेच, फक्त मधला माथा टळतो. आणि बोगदा एका गाडीनंतर संपत नाही, तसा उत्प्रेरकही क्रियेत खर्ची पडत नाही, निदान पडू नये अशी अपेक्षा असते.

ही बचत किरकोळ आहे असे कोणी समजू नये. एक किलो हायड्रोजनसाठी दर व्होल्टमागे सुमारे २६.६ युनिट वीज लागते, हे फॅरेडेच्या नियमावरून कोणीही काढू शकतो. म्हणजे चांगल्या उत्प्रेरकाने व्होल्टचा केवळ दहावा भाग वाचविला तरी किलोमागे अडीच युनिटांहून अधिक वीज वाचली. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले, त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद केली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन निर्माण करण्याचे लक्ष्य ठेवले. तेवढ्या हायड्रोजनवर तो दहावा भाग वाचला तर वर्षाला १,३०० कोटी युनिटांची बचत होते. आज एका किलोला साधारण ५० ते ५५ युनिट लागतात. शास्त्राप्रमाणे, उष्णतेचा हिशेब धरून, ३९ युनिटांच्या थोडे वरच भागायला हवे.

इथेच एक इशारा देतो. पाण्यावर चालणाऱ्या मोटारीच्या बातम्या अधूनमधून येत असतात. १९९६ साली तामिळनाडूतील वनौषधी पेट्रोलाने तर देशभर खळबळ उडविली होती आणि वीस वर्षांनी तो दावा करणाऱ्यास न्यायालयाने शिक्षा ठोठावली. उत्प्रेरक कितीही उत्तम असो, १.२३ व्होल्टची मर्यादा त्याला ओलांडता येत नाही. पाणी हे हायड्रोजनची राख आहे. राखेपासून लाकूड करायचे तर जळताना जेवढे मिळाले तेवढे तरी परत द्यावेच लागेल. यापेक्षा स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये.

आता धातूंकडे वळू. ऋणाग्रावर घडते ते असे : पाण्यातील हायड्रोजनचा एक अणू धातूच्या पृष्ठभागावर येऊन बसतो, शेजारी दुसरा येतो, दोघांची जोडी जमते आणि जोडी वायू होऊन निघून जाते. यात धातूची पकड महत्त्वाची. पारा, शिसे, चांदी यांची पकड ढिली, अणू बसतच नाही. टंग्स्टन, मॉलिब्डेनम यांची पकड घट्ट, बसलेला अणू उठत नाही. प्लॅटिनमची पकड मात्र बरोबर जुळलेली आहे. निकेल थोडे घट्ट धरते, पण चालण्यासारखे. पकड नेमकी मध्यम असावी हा विचार फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल साबातिए यांनी मांडला, त्यांना १९१२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे वाचताना आपल्यापैकी अनेकांना सोण भिक्खूची कथा आठवली असेल. वीणेच्या तारा फार ताणल्या तर सूर लागत नाही, फार सैल सोडल्या तरी लागत नाही, असे तथागतांनी त्याला समजाविले होते. समजून घेण्यासाठी ही उपमा चांगली आहे आणि वर्गात मी ती वापरतो. परंतु साबातिएचे तत्त्व बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले होते, असे कृपया कोणी भाषणात म्हणू नये. पुराणात विमाने होती म्हणणाऱ्यांना आपण हसतो, तो अधिकार आपल्याकडे शिल्लक राहिला पाहिजे.

प्लॅटिनम महाग असले तरी ऋणाग्रावर ते फार थोडे लागते. खरी अडचण समोरच्या बाजूला, धनाग्रावर आहे. तिथे प्राणवायूचा एक रेणू तयार व्हायला पाण्याचे दोन रेणू मोडावे लागतात, चार इलेक्ट्रॉन एकामागून एक काढावे लागतात आणि एकमेकांपासून दूर असलेले प्राणवायूचे दोन अणू जोडावे लागतात. चार पायऱ्यांपैकी एक जरी उंच झाली तरी सारे अडते. सृष्टीत हे काम करणारी एक यंत्रणा प्राचीन काळापासून आहे : हिरवे पान. बोधिवृक्षाच्या पानापासून गवताच्या पात्यापर्यंत सर्वत्र मँगनीजचे चार अणू व कॅल्शियमचा एक अणू यांचा छोटासा पुंजका सूर्यप्रकाशात पाणी तोडून प्राणवायू सोडीत असतो. आपण घेत असलेला प्रत्येक श्वास त्या मँगनीजच्या कामाचा आहे. पण पानातील ती यंत्रणा सारखी बिघडते आणि पान तिची सारखी दुरुस्ती करीत राहते. कारखान्याला ती सोय नाही.

शिवाय धनाग्रावर धातूची परिस्थिती फार कठीण असते. तिथे त्याच्यातून सतत इलेक्ट्रॉन ओढले जात असतात, म्हणजे तो गंजण्याच्या किंवा विरघळण्याच्या कडेवर उभा असतो. पाणी आम्लधर्मी असेल तर बहुतेक सर्व धातू वाहून जातात. रुथेनियम हे काम उत्तम करते, पण हळूहळू विरघळते. टिकून राहते ते इरिडियम. आज जी आधुनिक, आटोपशीर संयंत्रे बाजारात आहेत, ज्यांत दोन अग्रांच्या मध्ये प्लॅस्टिकसारखा आम्लधर्मी पातळ पडदा असतो, त्यांच्या धनाग्रावर इरिडियमचे ऑक्साइड असते. २०२४ मध्ये मध्य प्रदेशात विजयपूर येथे गेल या सरकारी कंपनीने १० मेगावॅटचे असे संयंत्र सुरू केले, त्याची क्षमता दिवसाला सुमारे ४.३ टन हायड्रोजन एवढी आहे. सूर्य व वारा यांची वीज कमीजास्त होत असते. ती चढउतार हे संयंत्र लीलया सोसते, हा त्याचा मोठा गुण.

दोष असा की जगात इरिडियम फार कमी आहे. सोने वर्षाला तीन हजार टनांहून अधिक निघते, इरिडियम सात-आठ टन. त्याची स्वतंत्र खाण नसते. प्लॅटिनम काढताना जोडीला जे येते तेवढेच. एक गिगावॅट क्षमतेच्या संयंत्रांना आजच्या रीतीने काही शे किलो इरिडियम लागते. आपल्या देशाच्या वर सांगितलेल्या लक्ष्यासाठी ६० ते १०० गिगावॅटची संयंत्रे लागतील असा सरकारचा अंदाज होता. सगळ्या जगाचे सगळे इरिडियम आपल्याला दिले, दुसऱ्या कोणी मागितले नाही, तरी काही वर्षांचा पुरवठा त्यात जाईल. म्हणून एवढ्याच चौरस सेंटिमीटरवर कमी इरिडियम कसे पसरावे यावर जगभर संशोधन चालू आहे.

आणि हे इरिडियम येते कुठून? बहुतांश दक्षिण आफ्रिकेतून, बुशवेल्ड नावाच्या खडकांच्या पट्ट्यातून. त्याच पट्ट्यात मारिकाना हे ठिकाण आहे. १६ ऑगस्ट २०१२ रोजी तेथील प्लॅटिनम खाणीतील संपकरी कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात ३४ जण ठार झाले. पगारवाढ मागत होते. हायड्रोजनला 'स्वच्छ' म्हणताना धातू कोणाच्या हातून वर आला हेही विचारले पाहिजे, असे मला वाटते.

आता दुसऱ्या, जुन्या पद्धतीकडे येऊ. तिचा आपल्या देशाशी आणि विजेच्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. पाण्यात आम्लाऐवजी कॉस्टिक पोटॅश घातले, शेकडा २५ ते ३०, आणि ते ७०-९० अंशांपर्यंत तापविले, तर निकेलसारखा साधा धातूही टिकतो. निकेलवर संरक्षक थर बसतो, तो विरघळत नाही. नॉर्वेतील र्‍युकान गावाजवळ धबधब्याच्या विजेवर १९२९ पासून असा मोठा कारखाना चालत होता, खतासाठी हायड्रोजन तयार करीत होता. त्यात उरणाऱ्या जड पाण्यासाठी दुसऱ्या महायुद्धात त्यावर घातपाती हल्लाही झाला. भारतात पंजाबमधील नांगल येथे भाक्राच्या विजेवर पाणी तोडून अमोनिया व त्यापासून खत करण्याचा कारखाना साठीच्या दशकाच्या आरंभी उभा राहिला. साधा हायड्रोजन आधी निघून जातो, जड हायड्रोजन मागे रेंगाळतो, म्हणून १९६२ साली तिथेच देशातील पहिला जड पाण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला १४ टन होती.

परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते आणि वीज व पाटबंधारे हे विषय त्यांच्याकडे होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसते. वीज मुबलक हवी आणि स्वस्त हवी, तिच्याशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांशिवाय गरिबी हटणार नाही, ही भूमिका त्यांनी १९४३ साली विद्युत धोरणाच्या समितीपुढे मांडली. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ स्थापन झाले, दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणीही त्याच काळातली. नांगलच्या कारखान्याचे श्रेय त्यांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. पण धरणाच्या विजेवर पाणी तोडून शेतकऱ्याला खत देणे हे त्यांच्या त्या मांडणीचे चपखल उदाहरण होते. पुढे विजेला इतर गिऱ्हाइके वाढली, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांपासून हायड्रोजन काढणे स्वस्त पडू लागले आणि पाणी तोडून खत करण्याची रीत मागे पडली. ट्रॉम्बे आणि थळच्या खत कारखान्यांत आजही नैसर्गिक वायूपासूनच हायड्रोजन येतो. त्या रीतीत एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सगळे घोडे इथेच अडले आहे, म्हणून निकेलकडे जगाचे लक्ष पुन्हा गेले.

आणि निकेलच्या बाबतीत जे आढळले ते मला या सर्व विषयातील सर्वांत उद्बोधक प्रकरण वाटते.

एडिसनच्या काळापासून निकेलचे ऑक्साइड विद्युतघटात वापरले जाते. या घटांच्या कारागिरांना एक जुना अनुभव होता. निकेलमध्ये लोहाचा अंश शिरला की घट नीट भारला जात नाही, वीज साठण्याऐवजी प्राणवायूचे बुडबुडे निघू लागतात. म्हणून लोह हे निकेलचे विष मानले गेले. निकेल शुद्ध करा, लोह बाहेर काढा हा दंडक झाला. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत डेनिस कॉरिगन यांनी हे प्रकरण उलट बाजूने पाहिले. घटाला जे नको तेच पाणी तोडणाऱ्याला हवे आहे! १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी दाखविले की निकेल ऑक्साइडच्या पातळ थरात लोह शेकडा ०.०१ इतके अल्प असले तरी प्राणवायू निघण्याची क्रिया सुलभ होते, आणि लोह वाढविले तर ती आणखी कितीतरी सुधारते.

निबंध छापून आला, पण अनेक वर्षे त्याचा पूर्ण अर्थ लोकांच्या ध्यानात आला नाही. कोणी निकेलचा थर नव्या रीतीने बनवी, तो पोटॅशच्या पाण्यात तास-दोन तास ठेवी, थराची क्षमता वाढलेली दिसे आणि 'निकेल मुरले, त्याची रचना बदलली' असे अनुमान छापले जाई. २०१४ साली ऑरेगन विद्यापीठातील शॅनन बेट्चर यांच्या प्रयोगशाळेने या अनुमानांची कसून तपासणी केली. बाजारात मिळणाऱ्या उत्तम प्रतीच्या पोटॅशमध्येही लोहाचा लेशमात्र अंश असतोच. तो पाण्यातून हळूहळू निकेलच्या थरात शिरतो. त्यांनी ताज्या निकेल हायड्रॉक्साइडच्या गाळाने त्या पाण्यातील लोह आधी शोषून घेतले आणि मगच प्रयोग केला. लोह नसलेल्या पाण्यात निकेल मुरून मुरून काहीच सुधारले नाही. अगदी सामान्य प्रतीचा उत्प्रेरक ठरला. म्हणजे इतकी वर्षे निकेलच्या नावावर जमा झालेले काम मुख्यतः त्यात नकळत शिरलेल्या लोहामुळे होत होते.

'अशुद्धी' हा शब्द शास्त्राच्या पुस्तकात वाचताना माझे मन क्षणभर अडखळते हे मी नाकारत नाही. शुद्ध-अशुद्ध हे शब्द आपल्या पूर्वजांच्या पाठीवर उमटलेले आहेत. तरीही मला स्पष्ट सांगितले पाहिजे की रसायनातील अशुद्धी हे केवळ मोजमाप आहे, त्यात कोणाचा अपमान नाही. समतेला प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही, आणि लोहाच्या या हकिकतीवरून तसा दाखला काढणे हे सोण भिक्खूच्या वीणेवरून रसायन काढण्याइतकेच चूक होईल. कॉरिगन यांच्याकडून शिकण्यासारखे आहे ते निराळेच. सर्वांनी 'विष' म्हणून लेबल लावलेली वस्तू नेमके काय करते, हे त्यांनी मोजून पाहिले.

लोहाचा फार गौरव करण्याचेही कारण नाही. एकट्या लोहाचा थर दिला तर तो वीज नीट वाहून नेत नाही आणि कामही बेताचेच करतो. निकेलचे थरावर थर असतात, त्यांतून वीज व्यवस्थित वाहते. त्या थरांत निकेलच्या काही अणूंच्या जागी लोहाचे अणू बसले की दोघे मिळून बोगदा काढतात. नेमके कोणत्या अणूवर प्राणवायूची जोडी जमते यावर शास्त्रज्ञांत अजून चर्चा चालू आहे, बरेच जण लोहाच्या बाजूचे आहेत. समोरच्या ऋणाग्रावर मात्र हेच लोह साचले तर चांगल्या उत्प्रेरकाचा पृष्ठभाग झाकून टाकते. तिथे ते खरोखरच नकोसे.

ऋणाग्रावर प्लॅटिनमऐवजी काय? जुना उपाय म्हणजे रॅने निकेल. निकेल व ॲल्युमिनियम यांचे मिश्रण करून ते कॉस्टिक सोड्यात ठेवायचे, ॲल्युमिनियम विरघळून जाते आणि निकेल पावासारखे जाळीदार उरते. पृष्ठभाग अनेकपटींनी वाढतो. निकेलला मॉलिब्डेनमची जोड दिली तर आणखी चांगले. दुसरा पर्याय मॉलिब्डेनम सल्फाइड, जे कारखान्यांत काळ्या ग्रीसमध्ये वंगण म्हणून असते. त्याचे पापुद्रे असतात. डेन्मार्कमधील शास्त्रज्ञांनी २००५ साली गणिताने आणि २००७ साली प्रयोगाने दाखविले की पापुद्र्याचा सपाट मधला भाग निष्क्रिय असतो, हायड्रोजन निघतो तो फक्त कडेच्या अणूंवर. त्यामुळे आता पापुद्रे लहान करून कडा वाढविण्याचा खटाटोप चालू आहे.

मग निकेल-लोहाने प्रश्न सुटला का? अजून नाही. रात्री सौर वीज बंद झाली की संयंत्रात उलटा प्रवाह वाहतो आणि निकेलचे अग्र झिजते. थरातील लोह हळूहळू पाण्यात परतते. प्रयोगशाळेत शंभर तास टिकलेला थर कारखान्यात हजारो तास टिकला पाहिजे, तिथे अनेक निबंधांची प्रौढी उतरते. निकेलची खाणही काही निर्दोष नाही. जगात सर्वांत जास्त निकेल इंडोनेशियात निघते आणि तेथील जंगलांची व समुद्रकिनाऱ्यांची हानी सर्वश्रुत आहे. आम्लाच्या पडद्याऐवजी आम्लारीत चालणारा पडदा बनवून दोन्ही पद्धतींचे गुण एकत्र आणण्याचे प्रयत्न होत आहेत. पडदे मात्र अजून पुरेसे टिकाऊ झालेले नाहीत.

पाण्याचाही प्रश्न आहे. किलोला नऊ लिटर हे रसायनाचे गणित, प्रत्यक्षात पाणी शुद्ध करण्यात आणि यंत्र थंड ठेवण्यात त्याहून पुष्कळ अधिक जाते. तरी खताच्या किंवा पोलादाच्या मोठ्या कारखान्याच्या मानाने हे पाणी अवाढव्य नाही. ऊन जिथे भरपूर तिथे पाऊस बहुधा कमी, ही खरी अडचण. ज्या समाजाने १९२७ साली महाडला जाऊन पाण्यावरचा हक्क बजावला, त्याने आपल्या तालुक्यात असे संयंत्र येत असेल तर पाणी कोणत्या धरणाचे आणि कोणाच्या वाट्याचे, हा प्रश्न पहिल्याच जनसुनावणीत विचारावा.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले की अडले आहे ते धनाग्रावर, आणि तिथे काम करणाऱ्यांना अजून पुष्कळ हात हवे आहेत. निकेलचा मुलामा देणारे, पडदे जोडणारे, पाण्यातील लोह मोजणारे असे आय.टी.आय.पासून पी.एच.डी.पर्यंत सर्व तऱ्हेचे. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला तेव्हा त्याच्या हातात निकेलचा मुलामा असलेली एक जुनी किल्ली होती. ऋण टोकाला खिळा आणि किल्ली आलीपालीने लावून बुडबुड्यांची तुलना करण्याचा त्याचा बेत आहे. पेला, पेन्सिली आणि सोडा अभ्यासिकेच्या खालच्या कप्प्यात ठेवला आहे, ज्या मुलामुलींना पाहायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर यावे. सेल मात्र ज्याचे त्याने आणावेत, मागचे दोन्ही संपले आहेत.